सवयीचे दहा दिवस : कोथरूडमधील एका घरगुती पाळणाघराचा अनुभव

माझी मुलगी साडेसहा महिन्यांची असताना मी पुन्हा कामावर रुजू झाले आणि तेव्हापासून ती कोथरूडमधील एका घरगुती पाळणाघरात जाते. या एप्रिलमध्ये तिला तिथे चौदा महिने झाले. या काळात जे पटले आणि जे अजूनही खटकते, ते पाळणाघराच्या शोधात असलेल्या आईवडिलांसाठी सविस्तर लिहिते आहे. पाळणाघर चालविणाऱ्या काकूंच्या इच्छेनुसार नाव देत नाही, कारण त्या एकूण बावीसच मुले घेतात आणि दीड वर्षाखालच्या पाच जागांसाठी त्यांच्याकडे कायम यादी लागलेली असते.

आधी रजेचा हिशेब सांगते, कारण आमची पहिली चूक तिथेच झाली होती. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या सुधारणेनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. मी तीन आठवडे आधी घेतले होते, त्यामुळे बाळाबरोबरचे २३ उरले. साठवून ठेवलेली अर्जित रजा त्याला जोडली आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची सोय झाली. बाळाचे सहा महिने निव्वळ अंगावरच्या दुधाचे पूर्ण होतील, वरचे अन्न सुरू झालेले असेल आणि मग मी कामावर जाईन, असे आम्ही ठरवले होते. मात्र नव्या माणसांत, नव्या जागेत रुळायला बाळाला वेळ लागतो आणि त्या वेळी आईला किंवा बाबाला तिथे बसावे लागते, हे त्या हिशेबात आम्ही धरलेच नव्हते. घरातल्या वडीलधाऱ्यांपासून मैत्रिणींपर्यंत सगळ्यांनी एकच सांगितले होते, की चार दिवस रडेल आणि मग आपोआप सवय होईल.

पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला विश्रांतीच्या वेळेसह दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावे, अशी तरतूद त्याच सुधारणेत आहे. माझ्या कंपनीने हिंजवडीतील एका मोठ्या पाळणाघराशी करार केलेला आहे आणि आम्ही सर्वांत आधी तेच पाहायला गेलो. चित्रांनी रंगवलेल्या भिंती, मऊ जमीन, प्रत्येक खोलीत कॅमेरा आणि आईवडिलांच्या मोबाइलवर ॲप, असे सगळे तिथे होते. पण तान्ह्यांच्या खोलीत दहा बाळांमागे दोन मुली होत्या, त्यांतली एक आठ दिवसांपूर्वीच कामाला लागली होती, आणि आधीची का गेली, या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. शिवाय चांदणी चौक ओलांडून संध्याकाळी परत येताना एक तास सहज जातो, कधी दीडही. कचेरीजवळचे पाळणाघर असते तर मला दुपारी जाऊन दूध पाजता आले असते, हा फायदा लहान नव्हता आणि तो सोडताना मला वाईट वाटले. तरीही आम्ही घराजवळचे पाळणाघर निवडले, कारण तिथून तिला आणायला माझ्याखेरीज आणखी कोणीतरी जाऊ शकते. माझे पती शिवाजीनगरला शिकवतात आणि साडेचारपर्यंत घरी येतात. हिंजवडीला ठेवले असते, तर माझी एखादी बैठक लांबली की बाळही तिथेच अडकले असते.

काकूंचे पाळणाघर एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावरच्या दोन सदनिका मिळून केलेले आहे. आम्ही ते तीन वेळा पाहिले आणि मुद्दाम वेगवेगळ्या वेळी गेलो. सकाळी अकराला कुठलेही पाळणाघर नीटनेटके दिसते. मावश्या थकलेल्या असतात, मुले आईची वाट पाहत किरकिरी झालेली असतात आणि काही पालकांना उशीर होणार असतो, अशी संध्याकाळी साडेपाचची वेळ खरी पाहण्याजोगी. तिसऱ्या खेपेला आम्ही न कळवता त्याच वेळी पोहोचलो, तेव्हा एक मावशी रडणाऱ्या मुलाला कडेवर घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होती आणि दुसरी जमिनीवर मांडी घालून तिघांना मऊ भात भरवत होती. दोघींचे आवाज थकलेले होते, पण चढलेले नव्हते. तान्ह्यांच्या या दोन्ही मावश्यांना तिथे किती वर्षे झाली, असे मी विचारले, तेव्हा एकीची नऊ आणि दुसरीची सहा वर्षे निघाली. आमचा निर्णय खरे तर तिथेच झाला.

इथे पालकांना मोबाइलवर थेट पाहता येणारे कॅमेरे नाहीत. खोल्यांमध्ये कॅमेरे आहेत, पण त्यांचे चित्रण फक्त काकू पाहू शकतात आणि पालकाने मागितले तर समोर बसून दाखवतात. यावर आमच्या घरी दोन दिवस वाद झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण सगळ्या महाराष्ट्राने पाहिले होते आणि ते आठवल्यावर कोणत्याही आईच्या पोटात गोळा येतो. पण तिथेही कॅमेरा होताच. त्याने पुरावा दिला, मारणारा हात मात्र अडवला नाही. म्हणून आम्ही कॅमेऱ्यापेक्षा दोन गोष्टींना अधिक वजन दिले : एका मावशीकडे किती बाळे आहेत, आणि पालकाला कोणत्याही वेळी न सांगता आत येऊ देतात का. काकू दार कधीच अडवत नाहीत, फक्त दुपारी एक ते तीन चपला बाहेर काढून हळू बोलायला सांगतात.

आता दहा दिवसांविषयी. आई किंवा बाबा दहा दिवस देणार नसतील, तर काकू तान्ह्या बाळाला प्रवेश देत नाहीत. मी रजेचे शेवटचे दोन आठवडे घरी निवांत घालवायचे ठरवले होते, त्यामुळे ही अट ऐकून मी आधी नाराज झाले. पहिले दोन दिवस मी मुलीला मांडीवर घेऊन एक तास नुसती त्या खोलीत बसले. मावशी जवळच दुपट्यांच्या घड्या घालत होती, तिने बाळाला उचलले नाही की हातही पुढे केला नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी स्वतःच सरपटत जाऊन तिच्या हिरव्या बांगड्यांना हात लावू लागली आणि मग मावशीने तिला घेतले. चौथ्या दिवशी मी वीस मिनिटे व्हरांड्यात बसले. पाचव्या दिवशी ती पंचवीस मिनिटे रडली आणि बाहेर बसून मीही रडले. सहाव्या दिवसापासून काकूंच्या सांगण्यावरून तिचे बाबा जाऊ लागले, आणि दूध पाजणारी मी समोर नसल्यामुळे असेल, पण त्यांच्याबरोबर ती लवकर रमली. मध्ये रविवार आला, की सोमवारी पुन्हा थोडे मागे जावे लागे. आठव्या दिवशी ती प्रथमच तिथे झोपली आणि दहाव्या दिवशी पाच तास राहिली.

या काळात काकूंचे दोन आग्रह होते. पहिला असा, की माझी वापरलेली, न धुतलेली सुती साडी तिच्या पांघरुणासाठी द्यायची, कारण बाळ माणूस आधी वासाने ओळखते. दुसरा असा, की मुलाचे लक्ष चुकवून कधीही निघून जायचे नाही. खेळण्यात गुंतलेल्या मुलाकडे पाठ फिरवून सटकणे सोपे असते, तेव्हा रडणेही ऐकू येत नाही, पण नंतर ते मूल प्रत्येक क्षणी दाराकडे पाहत राहते, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘‘तिच्याकडे बघून ‘येते’ म्हणा आणि मग निघा. ‘जाते’ म्हणू नका,’’ असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. आपल्याकडे घरातून निघताना मोठी माणसेही एकमेकांना ‘येतो’, ‘येते’ म्हणतात, हे मला माहीत होतेच. पण सहा महिन्यांच्या बाळाला उद्देशून ते रोज त्याच दारात उभे राहून म्हणताना त्या शब्दात परत येण्याचा शब्द दिलेला असतो, हे मला प्रथमच जाणवले. मे महिन्यात, ती दहाव्या महिन्यात असताना, एके सकाळी अचानक माझा पदर सोडेना. या वयात परक्या माणसांची भीती आणि आईची ओढ वाढते, असे काकूंनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून आम्ही घाबरलो नाही; आठवडाभर पुन्हा दहा-पंधरा मिनिटे बसलो आणि ते दिवस निघून गेले.

दुधाच्या बाबतीत इथली शिस्त मला विशेष आवडली. काढलेले दूध फ्रिजमधील वेगळ्या कप्प्यात, नाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवतात, फ्रिजबाहेर चार तासांपेक्षा अधिक राहिलेले वापरत नाहीत आणि उष्टे राहिलेले पुन्हा देत नाहीत. गरम पाण्याच्या पातेल्यात डबी धरून ते कोमट करतात, थेट गॅसवर कधीच ठेवत नाहीत. बाटली इथे नाहीच. वाटी-चमचा किंवा बोंडले. त्याला वेळ लागतो आणि म्हणूनच एका मावशीकडे तीनपेक्षा अधिक तान्ही बाळे देत नाहीत.

प्रत्येक मुलाची एक दोनशेपानी वही असते. तिच्यातील एक नोंद अशी : ‘१०.२० दूध ६० मिली. ११.०५ झोप, ४० मिनिटे, पाठीवर. १२.३० खिमट पाऊण वाटी, गाजर थुंकले. ३.१५ शी पातळ, लक्ष ठेवत आहे.’ अक्षर वेडेवाकडे आहे, पण ‘लक्ष ठेवत आहे’ हे तीन शब्द वाचून मी त्या संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला आणि पुढचा त्रास वाचला. ॲपवरच्या हसऱ्या छायाचित्रांतून मला ते कळले नसते.

आता खटकलेल्या गोष्टी. सहा वर्षे काम केलेली मावशी दिवाळीनंतर गावी निघून गेली आणि आम्हाला ते चार दिवस कळवले गेले नाही. मुलगी रात्री दचकून उठू लागली, जेवेना, आणि आम्ही दाताचे दुखणे समजून औषध देत राहिलो. ज्या पाळणाघराने आईवडिलांना लक्ष चुकवून जायला मनाई केली, त्यानेच बाळाच्या रोजच्या माणसाला असे न सांगता जाऊ द्यावे, याचे मला फार दुःख झाले आणि मी ते काकूंना स्पष्ट सांगितले. त्यांनी चूक मान्य केली. दुसरी गोष्ट दूरदर्शन संचाची. तो बंद ठेवण्याचा नियम आहे, तरी दोनदा संध्याकाळी सहानंतर मला तो चालू दिसला. तिसरी, बाहेर पडायला एकच दार आहे. मागच्या गॅलरीच्या जाळीला उघडणारे दार बसवावे, असे आम्ही काही पालकांनी लेखी दिले आहे आणि ते काम अजून झालेले नाही. जागा पाहायला जाणाऱ्याने हे अवश्य विचारावे.

आजारपणाचा नियम कडक आहे : औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेल, तरच मुलाला घेतात. पहिल्या चार महिन्यांत सर्दी-तापाने आणि पावसाळ्याच्या तोंडी हात-पाय-तोंडाच्या फोडांच्या साथीने आमचे एकूण सतरा दिवस बुडाले, आणि ते आम्ही दोघांनी रजा वाटून काढले. नियम मला मान्य आहे, कारण तो इतरांच्या मुलांपासून माझ्या मुलीलाही वाचवतो, पण ज्यांच्या नोकरीत अशी रजा मिळत नाही आणि घरात तिसरे माणूस नाही, त्यांनी प्रवेश घेण्याआधी या दिवसांची तजवीज करून ठेवावी.

तान्ह्या बाळासाठी महिन्याला ११,५०० रुपये, एक महिन्याची अनामत आणि सोडताना एक महिन्याची पूर्वसूचना असे ठरलेले आहे. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात, शनिवारी दीडपर्यंत. सातनंतरही कामे येणाऱ्यांना हे पाळणाघर जमणार नाही, आणि काकू त्यात सवलत देत नाहीत, कारण मावश्यांनाही घरी मुले आहेत. जागा हवी असेल, तर गरोदरपणाच्या सातव्या महिन्यातच नाव नोंदवावे आणि रजेचे शेवटचे दोन आठवडे आईने किंवा बाबाने राखून ठेवावेत.

जूनमध्ये माझी मुलगी मोठ्या मुलांच्या खोलीत जाईल. काकूंनी आतापासूनच त्यासाठी चार दिवस ठरवले आहेत आणि या वेळी तिच्याबरोबर त्या खोलीत आम्हा दोघांऐवजी हिरव्या बांगड्यांची मावशी बसणार आहे.