चाळिशीतले दात: तारा की अलायनर?

दात सरळ करायला वयाची अट नाही. हिरड्या आणि हाड निरोगी हवं, एवढंच. पायरिया असेल तर आधी त्याचे उपचार, मग बाकीचं.

धातूच्या तारा दिसतात, गालाला टोचतात, पहिले काही दिवस वरणभातावर काढावे लागतात. चिक्की, मक्याचं कणीस, कडक पेरू बंद. ब्रॅकेट (तार धरायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) निघालं की पुन्हा दवाखाना. पण त्या चोवीस तास काम करतात, तुमच्या शिस्तीवर अवलंबून नसतात. दात काढून ती जागा बाकीचे दात सरकवून भरायची असेल किंवा सुळा खूप वळलेला असेल, तर माझं मत सरळ तारांकडे झुकतं. खर्चही बहुधा कमी.

अलायनर म्हणजे दातांवर बसवायचे, त्यांना हळूहळू सरकवणारे पारदर्शक प्लास्टिकचे साचे. १९९७ साली स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजीने ‘इनव्हिजलाइन’ आणलं, आता भारतीय कंपन्याही आहेत. जेवताना काढता येतात, ब्रश नीट होतो. मात्र दिवसाला २० ते २२ तास घालावे लागतात. म्हणजे दर तासाला चहा लागणाऱ्या माणसाची पंचाईत! ते घालून गरम चहा प्यायला तर प्लास्टिक वाकतं, डागही पडतात. शिवाय ‘अजिबात दिसत नाहीत’ ही जाहिरात झाली. पकडीसाठी दातांवर रंगाला जुळणारे छोटे उंचवटे बहुतेकदा चिकटवतात. एक्स-रे न काढता, ऑर्थोडॉन्टिस्टने (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाने) तोंड न तपासता घरपोच संच देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा.

काहीही निवडा, नंतर रिटेनर (सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचा साचा किंवा तार) दोन्हींत घालावाच लागतो, आणि रात्रीचा तर वर्षानुवर्षं. त्याचे पैसे एकूण खर्चात धरलेत का, हे आधीच विचारून घ्या.