बिलात नवे हेड बोल्ट, इंजिनात जुनेच

अंबडहून जालन्याच्या मोंढ्यात मोसंबी नेणारी चार सिलेंडरची डिझेल पिकअप. एप्रिलच्या उन्हात गरम झाली आणि हेड गॅस्केट गेलं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील. बिलात पाच ओळी होत्या: गॅस्केट, हेड फेसिंग (हेडचा तळ मशीनवर सपाट करणं), नवे हेड बोल्ट, कूलंट, मजुरी. नवव्या दिवशी रेडिएटरमध्ये पुन्हा बुडबुडे. दुसऱ्या गॅरेजात हेड उतरवलं तेव्हा पाचातलं एक गॅस्केट तेवढं खरं निघालं. कूलंट म्हणून बोअरचं जड पाणी भरलं होतं, आणि मजुरी कशाची लावली ते पहिल्या मेकॅनिकलाच ठाऊक.

फेसिंग झालंच नव्हतं. ड्रिलला एमरीची चकती लावून हेड चकचकीत केलं होतं, कारण गिऱ्हाईक चकाकी बघून पैसे देतं. मशीनवरच्या फेसिंगला कटरच्या बारीक, सारख्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतात. चकतीनं घासलेल्या हेडवर नुसत्या गोल-गोल रांगोळ्या. ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे पाण्याच्या भोकांच्या कडेला खड्डे पडतात, आणि एमरीची पूड तेलात उतरली तर पुढे बेअरिंगही खाते. या हेडवर सरळ पट्टी ठेवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या सिलेंडरच्या मधे ०.१५ मिमीचं फिलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) आरामात आत गेलं. बहुतेक ॲल्युमिनियम हेडला ०.०५ ते ०.१० मिमीच्या पुढे फट चालत नाही. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असतो. पट्टी मशीन शॉपची हवी, शाळेतली नव्हे, आणि सहा जागी ठेवायची: लांबीत दोन्ही कडांना, रुंदीत दोन्ही टोकांना, मग दोन्ही तिरक्या. तेच ब्लॉकच्या माथ्यावरही. हेड सगळे बघतात, ब्लॉककडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

खरी चोरी बोल्टांत होती. जुनेच बोल्ट वायरब्रशनं घासून, तेल चोपडून परत बसवले होते. जुने परत मागितले तर उत्तर मिळालं, "भंगारात टाकले." या इंजिनचे बोल्ट आधी टॉर्क पान्यानं (ठरलेला जोर लागला की 'टक' वाजणारा पाना) आणि मग अंशांत, म्हणजे ठरलेल्या कोनात फिरवून, आवळायचे असतात. असा बोल्ट मुद्दाम ताणला जातो आणि त्या ताणावरच हेड दाबून धरतो. एकदा हद्दीपलीकडे ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाही. ओळखायला सोपं आहे. दोन बोल्टांचे आटे एकमेकांत बसवून उजेडाकडे धरा. मधेच फट दिसली तर बोल्ट ओढला गेलाय. व्हर्नियरनं आट्यांवर तीन-चार जागी जाडी मोजा, कुठे कंबर पडली असेल तर तो बाद. इथे दहाही बोल्ट एकाच मापाचे असायला हवे होते, त्यातले तीन बाकीच्यांपेक्षा जवळजवळ दीड मिमी लांब भरले.

एका बोल्टाच्या भोकात तळाला तेलपाण्याचा चिखल होता. भोक खालून बंद असलं की बोल्ट त्या पाण्यावरच अडतो. पाना 'टक' वाजतो, हेड मात्र दाबलं जात नाही. जास्त जोर लावला तर ब्लॉक तडकतो. जुन्या बोल्टाला उभी चीर पाडून त्यानं आटे साफ करावेत, कॉम्प्रेसरनं हवा मारावी, मग आट्यांवर आणि बोल्टाच्या डोक्याखाली तेलाचा हलका हात. आवळणं मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं; सोडणं बाहेरून आत, तेही इंजिन थंड झाल्यावर.

याच्या उलटी लबाडीही चालते. "हेडला तडा गेलाय, नवीन लागेल." गेला असेलही, व्हॉल्व्ह सीटांच्या (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांच्या) मधे जातोच. पण मशीन शॉपमध्ये हेड गरम पाण्यात बुडवून हवेचा दाब देतात, तेव्हा तड्यातून बुडबुडे येतात. ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय नव्या हेडचे पैसे देऊ नका.

हेड फेसिंगला आपण स्वतः घेऊन जावं. जायच्या आधी हेडची उंची व्हर्नियरनं मोजून जॉबकार्डावर लिहून घ्यावी, आल्यावर पुन्हा मोजावी. फरक शून्य आला तर फेसिंग झालेलं नाही. मॅन्युअलमधल्या किमान उंचीखाली गेली तर हेड गेलं. डिझेलला गॅस्केटच्या जाडीचे प्रकार असतात, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ओळखायचे. जुनं गॅस्केट हातात ठेवूनच नवं घ्यावं. जुन्या बोल्टांच्या डोक्यांवर गाडी देतानाच ऑइलपेंटचा ठिपका मारून ठेवावा, म्हणजे तेच परत बसवले तर ओळखू येतात.

आणि "पाचशे किलोमीटरनंतर या, पुन्हा आवळून देतो" म्हणाले तर मॅन्युअल दाखवा. जुन्या काही इंजिनांना ते लागायचं. अंशांत आवळलेल्या बोल्टाला पुन्हा पाना लावला तर तो आणखी ताणला जातो.