ठिपका फुटका, दोष माझ्या डोळ्यांचा

लातूरला गंजगोलाईपासून जवळच माझं कृषी सेवा केंद्र आहे. वीसेक वर्षं बियाणं विकतोय. लॉट नंबर बघा, पक्कं बिल घ्या, रिकामी पिशवी जपून ठेवा, हे रोज दहा जणांना सांगतो. एवढं सांगणारा मी स्वतः साडेसहा हजारांना फसलो, तेही मुठीत मावणाऱ्या एका वस्तूपायी. सांगायची लाज वाटते. पण ओळखीतले आणखी दोघं तीच वस्तू घ्यायला निघालेत, म्हणून लिहितो.

वस्तू म्हणजे रेड डॉट साइट, बंदुकीवर बसवायची नेम धरायची काच, जिच्यातून बघितलं की लाल ठिपका दिसतो. माझ्याकडे .१७७ बोअरची स्प्रिंगची एअर रायफल आहे. संध्याकाळी दुकान बंद केलं की गोदामात १० मीटरवर कागदी टार्गेट लावून तासभर बसतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ मिळवलं आणि पन्नाशी ओलांडलेल्या मलाही खूळ लागलं. अडचण डोळ्यांची. नेम धरायची मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि टार्गेट, तिन्ही एकावेळी स्वच्छ दिसत नाहीत. माशी दिसली की टार्गेट पुसट. रेड डॉटमध्ये ही कसरत वाचते: नजर टार्गेटवर ठेवायची आणि लाल ठिपका तिथं नेऊन घोडा दाबायचा. ऑलिम्पिकमधल्या पिस्तूल आणि रायफलच्या स्पर्धेत असली साइट चालत नाही, पण मला कुठं स्पर्धेत उतरायचं होतं!

दुसऱ्या शहरातल्या एका दुकानदाराचा नंबर मिळाला. गोड बोलणारा. ‘काका, ओरिजिनल माल आहे, पन्नास हजार तास बॅटरी, ठिपका पाच एमओएचा, मोठा, तुमच्या वयाला बरा.’ खोक्यावर परदेशातल्या नामांकित कंपनीचं नाव. पन्नास हजार तासांची बॅटरी असते हे मी वाचलं होतं, म्हणून विश्वास बसला. पण मोठ्या ठिपक्याचा हिशेब मी केला नाही. एक एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. १० मीटरवर तो भरतो सुमारे २.९ मिलिमीटर. म्हणजे पाचचा ठिपका साडेचौदा. एअर पिस्तूलच्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळच मुळी साडेअकरा मिलिमीटरचं! जिथं मारायचं तेच झाकणारा ठिपका त्यानं मला सोय म्हणून विकला. तरी ती फसवणूक नव्हती, तो माझा आळस.

फसवणूक रायफलवर बसवल्यावर कळली. बसवतानाच कळायला हवी होती. माझ्या रायफलची साइट बसवायची खोबण ११ मिलिमीटरची, साइटचा पट्टा २० मिलिमीटरच्या रेलचा. ‘अ‍ॅडॉप्टर देतो,’ म्हणत त्यानं त्याचे सहाशे वेगळे घेतले. स्प्रिंगच्या बंदुकीचा झटका दोन्हीकडून असतो. आधी बंदूक मागे येते, मग आतला पिस्टन पुढे जाऊन आदळतो आणि ती पुढे ओढली जाते. पंधरा-वीस छर्रे मारले की अ‍ॅडॉप्टर नखभर मागे सरकलेला. नेम जमवायचे स्क्रू फिरवावेत तर हाताला टिकटिक लागेना, नुसतेच फिरायचे. चौथ्या संध्याकाळी सीआर२०३२ ची नवी बॅटरी संपली. पन्नास हजार तास म्हणे.

आणि ठिपका? गोल नव्हताच. एका बाजूनं शेपटी फुटलेला, झेंडूच्या पाकळीसारखा.

फोन केला तर दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘काका, तुम्हाला अ‍ॅस्टिग्मॅटिझम असंल. डोळे तपासून घ्या.’ इथंच मी गार झालो, कारण ते खोटं नाही. डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा सगळीकडे सारखा गोल नसला तर चांगल्यातल्या चांगल्या साइटचा ठिपकाही फुटलेला दिसतो. माझ्या चष्म्यात तो नंबर आहे. मी डॉक्टरकडे गेलो, तपासणीचे पैसे भरले, नंबर तोच निघाला. घरी येऊन परत त्याच पाकळीकडे बघत बसलो. महिना असा गेला. तोवर त्यानं सांगितलेली सात दिवसांची परतीची मुदत कधीच संपली होती.

२०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही तेव्हा आमच्या धंद्यातली माणसं हेच बोलायची: खोल पेरलं असंल, ओल कमी असंल. खोल पेरलं तर सोयाबीन उगवत नाही हेही खरंच. मीही काउंटरमागून दोघा-तिघांना तेच ऐकवलं होतं.

शेवटी आमच्या गल्लीतले निवृत्त सुभेदारसाहेब गोदामात आले. नोकरीत कार्बाइन हाताळलेला माणूस. त्यांनी साइट बंदुकीवरून काढली, हातात धरली, डोळ्यासमोर हळूहळू आडवी केली. ‘शेठ, बघा. शेपूट साइटबरोबर फिरायली का जागेवरच हाय?’ फिरत होती. दोष डोळ्यात असता तर साइट कशीही वळवली तरी शेपूट तिथंच राहिली असती. मग मोबाइल काचेमागे धरून फोटो काढला. फोटोतही पाकळी. मोबाइलला कुठला आलाय अ‍ॅस्टिग्मॅटिझम?

पुढं त्यांनी साइट पोत्यांवर पक्की टेकवली, ठिपका टार्गेटवर आणला आणि मला नुसतं डोकं इकडं-तिकडं हलवायला लावलं. आतल्या दिव्याचा उजेड वाकड्या काचेवरून परतून डोळ्यात येतो. काच नीट घडवलेली असली तर डोकं हललं तरी ठिपका जवळपास जागेवर राहतो. १० मीटरवर चांगल्या साइटचाही काठाशी काही मिलिमीटर सरकतो, तेवढं चालतं. माझा दोन बोटं सरकला. म्हणजे वस्तू खेळण्यातली, वर नाव चिकटवलेलं. नंतर हुबेहूब तीच, बिननावाची, ऑनलाइन चौदाशेला दिसली.

या तिन्ही तपासण्यांना बंदूक लागत नाही. दुकानात उभं राहून पाच मिनिटांत होतात. तो करू देत नसेल तर निघून यावं. ज्या ओळखीच्या गृहस्थांना परवान्याच्या .३२ पिस्तुलावर हीच बसवायची आहे त्यांना तर मी हात जोडतो. तिथं साइट स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर, बसते आणि दर गोळीला मागं-पुढं आपटते. शिवाय साइटच्या तळाची भोकं तुमच्या स्लाइडशी जुळायला हवीत, ते आधी मोजा. माझी एअर रायफलवर वीस छर्रेसुद्धा टिकली नाही.

१९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, फोन केला. बाईंनी नीट ऐकून घेतलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही हेही कळलं. मग त्यांनी बिलावर काय लिहिलंय ते विचारलं. मी पहिल्यांदाच ती कच्ची पावती उघडून वाचली. जीएसटी नंबर नाही, कंपनीचं नाव नाही. ‘टॉर्च, १ नग.’ पैसे त्यानं यूपीआयनं दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर घेतले होते. तक्रार नोंदवलीय, अजून काही हललेलं नाही.

सध्या माशीनंच नेम धरतो. डॉक्टरांना सांगून फक्त बंदुकीसाठी एक चष्मा करून घेतला, माशीपुरता नंबर असलेला. टार्गेट थोडं पुसट दिसतं, पण छर्रे एका जागी जायलेत. साइट पुतण्यानं खेळायला नेली होती, तिसऱ्या दिवशी काच निखळली. पावतीवरची टॉर्च, पण लाइट गेल्यावर तिच्या उजेडात काडेपेटीही सापडत नाही.