दसऱ्याला नवीन म्हणून घेतलेली गाडी आधीच ठोकलेली निघाली

आमच्या गाडीच्या तीन टायरवर ४७२३ लिहिलंय आणि डाव्या बाजूच्या पुढच्या टायरवर २१२४. हे आकडे काय असतात ते मला गाडी घेईपर्यंत माहीत नव्हतं, माहीत असतं तर आज ही वेळच आली नसती. टायरच्या कडेला डीओटी अशी अक्षरं असतात, त्यांच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे आठवडा आणि नंतरचे दोन म्हणजे वर्ष. म्हणजे तीन टायर २०२३ च्या नोव्हेंबरमधले आणि एक २०२४ च्या मे महिन्यातला. आणि गाडी मला नवी कोरी म्हणून दिली १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या दिवशी.

आता पहिल्यापासून सांगतो. आम्ही कराडचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते, आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या पण घरात चारचाकी कधी आली नाही, म्हणून ठरवलं होतं की यंदा काही झालं तरी दसऱ्याला गाडी दारात उभी करायची. ऑगस्टमध्ये बुकिंग केलं, २१ हजार भरले. शोरूमचं नाव लिहित नाही, केस चालू आहे आणि वकिलांनी तसं सांगितलंय, पण हायवेलगतचं मोठं शोरूम आहे, एसी, कॉफी, सगळं. पेट्रोल गाडी, एक्स शोरूम ८ लाख १२ हजार. सेल्समन सारखा म्हणायचा सर या कलरला वेटिंग आहे, दसऱ्याची डिलिव्हरी पाहिजे तर फुल पेमेंट लवकर टाका म्हणजे मी गाडी तुमच्या नावावर अलॉट करून घेतो. कुठली गाडी, चासी नंबर काय (प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर), हे मी विचारलंच नाही, त्यानेही सांगितलं नाही. बँकेने लोनचे पैसे थेट शोरूमच्या खात्यावर टाकले, वरचे आम्ही भरले, आणि तिथून पुढं माझ्या हातात काहीच राहिलं नाही. हे मला नंतर कळलं.

कोटेशनमध्ये रोड टॅक्स ८९,३२० होता, तो बरोबर आहे, महाराष्ट्रात १० लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के लागतो. पण त्याच्याखाली हँडलिंग चार्जेस ८,५०० आणि एसेन्शियल किट १३,९००. किट म्हणजे मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप आणि परफ्यूमची बाटली. नको म्हणलं तर म्हणे सर किटशिवाय दसऱ्याची डिलिव्हरी होत नाही, वरून ऑर्डर आहे. हँडलिंग चार्ज म्हणून सरकारी असं काहीही नसतं, गाडी गोडाऊनमधून शोरूमला आणायचा खर्च ग्राहकाने का द्यायचा. इन्शुरन्स ५१,४०० लावला. माझ्या मेव्हण्याने त्याच गाडीचा, तेवढ्याच आयडीव्हीचा, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा, झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घसारा कपात न करणारं कव्हर) धरून बाहेरून कोट काढला तर ३६ हजार. इन्शुरन्स कुठूनही घ्यायचा हक्क आपला आहे, शोरूम जबरदस्ती करू शकत नाही. पण सेल्समन म्हणाला बाहेरचा घेतला तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही सर, उद्या काही झालं तर तुम्हीच पळापळ कराल. कॅशलेस हे विमा कंपनीचं आणि वर्कशॉपचं टायअप आहे की नाही त्यावर असतं, पॉलिसी कुणी विकली त्यावर नाही. मी घाबरलो आणि हो म्हणलं.

दसऱ्याच्या दिवशी तिथं नुसती जत्रा. पंचवीस तीस गाड्या लाइनीत, प्रत्येकीवर लाल कापड, बॉनेटवर झेंडूचा एवढा मोठा हार, केक, फोटोवाला. आण्णांचे गुडघे दुखत होते म्हणून ते घरीच थांबले, तेच आले असते तर. मी आणि ही आणि दोन्ही पोरं. म्हणलं गाडी जरा नीट बघतो तर तो म्हणाला सर मुहूर्त चुकेल, पाठीमागे लोक थांबलेत, पीडीआय, म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी, आमच्या माणसांनी केलंय हे बघा शीट, सगळीकडे टिक मारलेली, इथं सही करा. मी सही केली. त्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की गाडी तपासून, सुस्थितीत मिळाली. आज शोरूमचा वकील तोच कागद पुढे करतो.

घरी आलो, आईने ओवाळलं, लिंबं ठेवली, गल्लीतले सगळे बघून गेले, पेढे वाटले. चौथ्या दिवशी सकाळी आण्णा बादली घेऊन गाडी पुसायला बसले आणि थोड्या वेळाने मला हाक मारली, इकडं ये जरा. बॉनेट उघडून ठेवलेलं. म्हणाले हा मडगार्डचा बोल्ट बघ, पाना लागलाय याला. डाव्या बाजूच्या बोल्टांच्या कडांचा रंग उडालेला होता, उजव्या बाजूचे एकदम तसेच कंपनीतून आलेले. मग त्यांनी डाव्या दरवाजावरून हात फिरवला आणि म्हणाले रंग हातानं मारलाय, कंपनीचा न्हाई. उन्हात तिरकं बघितलं तर तिथं संत्र्याच्या सालीसारखं दिसत होतं. शेवटी टायर. चारही फिरून बघितले, स्टेपनी काढून बघितली, स्टेपनी पण ४७२३. आण्णा काही बोलले नाहीत, हात पुसून आत गेले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आरसीबुकवर उत्पादनाचा महिना लिहिलेला असतो, तो बघितला तर १२/२०२३. म्हणजे दहा महिने यार्डात पडलेली गाडी. वर्ष बदललं की मागच्या वर्षाच्या स्टॉकवर डिस्काउंट देतात, विकताना पण किंमत उत्पादनाच्या वर्षावरच धरतात, आणि मला एक रुपया न सोडता विकली. हाच महिना फॉर्म २१ वर, म्हणजे सेल सर्टिफिकेटवरसुद्धा असतो. तो पण मी वाचला नव्हता.

शोरूमला गेलो तर सेल्समन म्हणाला सर ट्रान्झिटमध्ये थोडंफार लागतं, पण गाडी नवीनच आहे ना. मॅनेजर म्हणाला आमच्या सिस्टिमला काही दिसत नाही. कस्टमर केअरला फोन केला, तक्रार नंबर मिळाला, दोन दिवसांनी मेसेज आला की तुमची तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे. मला कुणी फोनसुद्धा केला नव्हता. पुन्हा तक्रार, पुन्हा बंद. असं तीन वेळा. मग साताऱ्यातल्या एका ओळखीच्या बॉडीशॉपवाल्याकडून रंगाची जाडी मोजून घेतली, त्यांच्याकडे मीटर असतो. छत आणि उजवी बाजू १०० ते १२० मायक्रॉन, डावा पुढचा दरवाजा ३४०, म्हणजे खाली पुट्टी आहे. हे सगळं त्याच्याकडून लेटरहेडवर सही शिक्क्यानिशी लिहून घेतलं आणि मोजताना व्हिडिओ केला.

खरा धक्का पहिल्या फ्री सर्व्हिसला बसला. मुद्दाम शोरूमच्याच वर्कशॉपला गेलो. काउंटरवर नवीन पोरगा होता, बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, त्याने चासी नंबर टाकला आणि म्हणाला सर याच्यावर आधीचं एक जॉबकार्ड, म्हणजे कामाची नोंद, दिसतंय, ऑगस्टचं, बॉडीशॉपचं. म्हणजे मी बुकिंग केलं त्याच महिन्यात ही गाडी रंगवत होते. मी फोटो काढायला मोबाइल वर केला तेवढ्यात पाठीमागून सुपरवायझर आला आणि स्क्रीन फिरवली. तो दिवस आणि आजचा दिवस, ते जॉबकार्ड आम्हाला मागूनही मिळालेलं नाही.

त्यानंतर एक माणूस घरी आला, गोड बोलला, चहा घेतला. २५ हजारांच्या ॲक्सेसरीज आणि एक्स्टेंडेड वॉरंटी देतो, फक्त समाधान झालं म्हणून पत्रावर सही करा. आण्णांनी त्याला चहा पिऊ दिला आणि म्हणाले, मुलगा सही करणार न्हाई, एकदा केली तेवढी बास.

पुढचं ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी लिहितो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथं तक्रार केल्यावर कंपनीकडून निदान लेखी उत्तर तरी आलं, आणि त्या उत्तरात त्यांनी दुरुस्ती झाली नाही असं ठामपणे लिहिलंय, जे आता आमच्याच कामाला येतंय. वकिलामार्फत नोटीस दिली, महिना वाट बघितली, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, शोरूमच्या गावाला चकरा माराव्या लागत नाहीत, हे खूप जणांना माहीत नसतं. ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी फक्त २०० रुपये. ऑनलाइन पण भरता येते. मुदत दोन वर्षं असते पण तेवढं थांबू नका, पुरावे हळूहळू नाहीसे होतात. ते जॉबकार्ड हजर करायला लावा असा अर्ज आम्ही दिलाय, त्यावर दोन तारखा झाल्या, शोरूमने दोन्ही वेळा मुदत मागून घेतली.

गाडी घेणार असाल तर चासी नंबर लेखी घेतल्याशिवाय बुकिंगच्या पुढचा एक रुपया देऊ नका आणि बँकेला पण तोवर पैसे सोडू नका म्हणून सांगा. नंबर मिळाला की रजिस्ट्रेशनच्या आधी, दिवसाउजेडी, यार्डात जाऊन तीच गाडी बघा, हार घालायच्या दिवशी नाही. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या, त्याचा दिवसाचा रोज द्या. पाचही टायरचे आकडे, काचांवरचे मार्क, बोल्ट, दरवाजाच्या कडेचं रबर खेचून आतला रंग, किलोमीटर, सगळ्याचे फोटो काढा. बघू देत नसतील तर तिथंच थांबा, कारण एकदा तुमच्या नावावर पासिंग झालं की ती गाडी परत घ्यायला कुणी तयार होत नाही, कागदावर ती सेकंड हँड झालेली असते. दसऱ्याचा मुहूर्त गेला तर पाडवा येतो. मला हे कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का माहीत नाही, पण सांगायला कुणी नव्हतं.

हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, १४,२०० रुपये. गाडी आम्ही वापरतो, दुसरा इलाज नाही, पण वेग वाढला की स्टिअरिंग डावीकडे ओढतं, दोनदा अलाइनमेंट करून झाली. पोरं पाठीमागे बसलेली असतात तेव्हा मी साठच्या वर जात नाही. पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आण्णा म्हणालेत या वेळी ते येणार, जुना पाना आणि दोन्ही बाजूंच्या बोल्टांचे फोटो घेऊन.