मशीन वाजलं म्हणजे हंडा निघाला नाही

जागेत जुनी नाणी शोधून देतो म्हणणारा माणूस पहिल्या दिवशी पैसे मागत नाही, आणि बहुतेक जण तिथेच गळाला लागतात. तो येतो, धातू शोधायचं मशीन फिरवतो, चार गंजके खिळे आणि एखादं बाटलीचं झाकण काढून दाखवतो. जाता जाता एका कोपऱ्याकडे बोट करतो: "इथं मोठं काहीतरी आहे, पण या मशीनच्या आवाक्यात नाही." दुसऱ्या खेपेला वेगळं मशीन येतं. तिसऱ्या खेपेला त्याच कोपऱ्यात हातभर खाली चार काळी-हिरवी नाणी निघतात, तुमच्या डोळ्यांदेखत, कधी कधी तुमच्याच हाताने. पैशाचा विषय त्यानंतर. हंडा अजून खाली आहे, मोठं मशीन भाड्याने आणावं लागेल, माणसं लावावी लागतील, गिऱ्हाईक तयार आहे पण बोभाटा नको. ती चार नाणी तो खुशाल तुमच्याकडे ठेवून जातो. सगळ्या बनावातला तोच सर्वांत स्वस्त खर्च असतो.

हे सगळं चालतं एकाच गोष्टीवर: मशीनला काय कळतं आणि काय कळत नाही, हे जागामालकाला माहीत नसतं.

नाणी शोधायच्या साध्या डिटेक्टरच्या चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं जमिनीत सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र सोडतं. त्याने धातूच्या तुकड्यात बारीक विद्युतप्रवाह फिरतात आणि त्यांचं क्षीण क्षेत्र दुसरं वेटोळं पकडतं. क्षेत्र जाताना विरतं, येतानाही विरतं. त्यामुळे नाण्याएवढी वस्तू दुप्पट खोल गेली की संकेत निम्मा होत नाही, जवळजवळ ६४ व्या हिश्श्यावर येतो. बॅटरी मोठी लावून किंवा 'पॉवर वाढवून' हे गणित बदलत नाही. २५ मिलिमीटरचं नाणं ११ इंची चकतीला चांगल्या मातीत २० ते २५ सेंटिमीटरपर्यंत कळतं, लोहयुक्त तांबड्या मातीत त्याहून कमी. कळशीएवढं भांडं मोठी चकती लावून मीटरभर खोलीवर लागलं तर खूप झालं. पंधरा फुटांवरचा हंडा हातातल्या मशीनवर दिसला असं कुणी म्हणालं, तर तिथेच नमस्कार करून दार दाखवावं.

पडद्यावर दिसणारा आकडाही सोनं किंवा चांदी ओळखत नाही. धातूची वाहकता, आकार आणि जाडी यांची मिळून एक गोळाबेरीज तो दाखवतो. सोन्याची बारीक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी एकाच आकड्यावर वाजतात. गंजलेली मोठी लोखंडी पट्टी कधी कधी चांदीच्या रुपयासारखा उंच आकडा देते. म्हणून 'मशीनवर गोल्ड लिहून आलं' हे वाक्य पुरावा म्हणून शून्य किमतीचं आहे. त्या शब्दाची पट्टी कारखान्यातून छापूनच येते.

मोठं मशीन म्हणून जे येतं ते दोन प्रकारचं असतं. पहिलं म्हणजे मुठीला लावलेली फिरती अँटेना: दूरवरून सोन्याकडे वळते म्हणे. वळते खरी, पण धरणाऱ्याच्या मनगटाच्या नकळत झालेल्या हालचालीने. मूठ अर्ध्या अंशाने कलली तरी मोकळ्या खिळीवरची दांडी गर्रकन फिरते. अमेरिकेत अशाच क्वाड्रो ट्रॅकर नावाच्या उपकरणावर १९९६ साली न्यायालयाने बंदी घातली. एडीई ६५१ हे तर त्याहून वाईट प्रकरण. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायचं खेळणं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं आणि नाक्यांवर वापरलंही गेलं. विकणाऱ्याला २०१३ साली लंडनच्या न्यायालयाने १० वर्षांची शिक्षा दिली. सैन्याला अशी दांडी विकता येते, तर एका जागामालकाला विकणं किती सोपं!

याची परीक्षा घरच्या घरी होते. एकसारख्या दहा बादल्या पालथ्या घाला. एकीखाली त्याचंच सोनं ठेवा. ठेवणाऱ्याने तिथून निघून जायचं आणि मशीनवाल्याबरोबर उभं राहणाऱ्यालाही जागा माहीत नसली पाहिजे, नाहीतर तुमच्या नजरेवरूनच तो ओळखतो. नुसत्या नशिबाने एकदा बरोबर येण्याची शक्यता दहात एक, लागोपाठ तीनदा येण्याची हजारात एक. "सोनं बरीच वर्षं जमिनीत मुरलेलं असावं लागतं, तेव्हाच मशीनला कळतं," ही या परीक्षेतून सुटायची ठरलेली पळवाट आहे. मुरल्याने सोन्याचं काहीही बदलत नाही.

दुसरा प्रकार थ्रीडी स्कॅनरचा. पडद्यावर निळ्या-लाल रंगात भुयार, खोली, पेटी असं चित्र उमटतं. यांतल्या बऱ्याच मशीनांच्या पोटात चुंबकीय सेन्सर असतो. त्याला लोखंड, भाजलेली वीट आणि काही प्रकारचे दगड कळतात. सोनं, चांदी, तांबं यांतलं काहीच कळत नाही. चालण्याचा वेग बदलला किंवा दांडा कलला तरी चित्रात 'पेटी' तयार होते. तोच पट्टा उलट दिशेने पुन्हा चालायला लावा, मग आडवा चालायला लावा. वस्तू खरी असेल तर डाग जागा सोडत नाही.

साधं मशीनसुद्धा हवं तिथे वाजवता येतं. बुटाच्या टोकातली लोखंडी वाटी, शेजारी टेकवलेली कुदळ, चकतीजवळ नेलेला मोबाइल, किंवा नुसतं पिनपॉइंटचं (नेमकी जागा दाखवायचं) बटण दाबून धरणं, यातलं काहीही पुरतं. त्याला कुदळ दहा पावलं लांब ठेवायला सांगा, हेडफोन काढायला सांगा आणि मशीन स्वतः फिरवा, आधी पूर्व-पश्चिम, मग दक्षिण-उत्तर. पुरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी त्याच बिंदूवर वाजतं आणि आकडा दोन-चार अंकांपलीकडे हलत नाही. एका बाजूने वाजून दुसऱ्या बाजूने गप्प बसणारा आवाज बहुतेक वेळा लोखंडाचा असतो.

आता मुख्य जागा, म्हणजे खड्डा. पेरलेली नाणी ओळखायची असतील तर वरून खोदायचंच नाही. मशीन जिथे वाजतं तिथून दीड हात बाजूला चर घ्या आणि तिथून आडवं, पातळ कापे घेत त्या बिंदूकडे सरका. समोर मातीची उभी भिंत उघडी पडते आणि ती खोटं बोलत नाही. न हललेल्या मातीत रंगाचे थर सलग जातात, केसासारखी मुळं आडवी पसरलेली दिसतात, गांडुळांची उभी बिळं तुटलेली नसतात. कुणी आधी खड्डा घेतला असेल तर त्या भिंतीत पिशवीसारखा एक डाग दिसतो. आतली माती भुसभुशीत, वरच्या आणि खालच्या थरांची खिचडी झालेली, मुळं कडेला कुदळीने साफ कापलेली. या पिशवीचा तळ नेमका नाण्यांपाशी संपतो आणि त्याखाली एकदम टणक माती लागते. पाऊस पडून गेला तर माती दबते, पण मोडलेले थर परत जुळत नाहीत. काही हुशार लोक तीन बोटं रुंदीचं भोक पाडून वरून नाणी सोडतात. मग पिशवीऐवजी नळकांडं दिसतं, एवढाच फरक. नांगर फिरलेल्या जमिनीत मात्र वरचे १५ ते २० सेंटिमीटर आधीच मिसळलेले असतात, तिथे ही खूण चालत नाही.

नाणं ढिगाऱ्यात सापडलं तर ते बाहीतून पडलं की मातीतून आलं हे सांगता येत नाही, म्हणून ढिगाऱ्यातलं नाणं धरूच नये. खूप वर्षं पडून राहिलेलं नाणं उचललं की खालच्या ढेकळात त्याचा ठसा राहतो. तांब्याचं असेल तर त्या ठशात हिरवट डागही उतरलेला असतो. हा ठसा दाखवा म्हटलं की पेरणारे लगेच घाई करायला लागतात.

नाण्यांची झडती घरी घेता येते. तांब्यावरचा खरा हिरवा थर कडक असतो, अक्षरांच्या खाचांत मातीसकट बसलेला असतो आणि अंगठ्याने घासून निघत नाही. अमोनिया किंवा ॲसिडने आणलेला हिरवा रंग फिका असतो आणि बोटाला पावडरीसारखा लागतो. गोंद किंवा वॉर्निश लावून माती चिकटवली असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये अर्धा तास ठेवल्यावर ती सुटते, खऱ्या थराला काही होत नाही. (ॲसिटोन पटकन पेट घेतो. काचेचं भांडं, उघडी खिडकी, जवळपास विस्तव नको.) चारही नाण्यांवर एकाच जागी तोच ओरखडा किंवा तोच टवका असेल तर ती एकाच साच्यातून ओतलेली आहेत. जगात कुठेही दोन नाणी हातोहात फिरून सारखी झिजत नाहीत.

मग वजन. एक शतांश ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. नाणं कोरडं तोला. नंतर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि नाणं दोऱ्याला बांधून पूर्ण पाण्यात सोडा, तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. बुडबुडे झटकून टाका. काट्यावर आलेल्या आकड्याने कोरड्या वजनाला भागा, ती घनता. १८३५ ते १९३९ मधला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, ९१.७ टक्के चांदीचा. झिजलेला नसेल तर पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा येतो आणि भागाकार १०.३ येतो. पितळेचा तेवढ्याच वजनाचा तुकडा १.३७ दाखवतो, भागाकार साडेआठ. तीन मिनिटांचं काम आहे, आणि चांदीचा मुलामा इथे टिकत नाही. १८१८ साल घातलेली, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि देवदेवतांची चित्रं असलेली 'नाणी' तर तोलायचीही गरज नाही. कंपनीने तशी कधी पाडलीच नाहीत, ती नंतर केलेली शोभेची पदकं आहेत.

दुसरी फसवणूक उलट्या बाजूची आणि जास्त शांतपणे होते: जागेत खरंच काही असतं आणि ते तुम्हाला दाखवलंच जात नाही. मशीनवाला हेडफोन लावून फिरतो, त्यामुळे कुठे काय वाजलं हे तुम्हाला कळत नाही. कमरेच्या पिशवीला दोन कप्पे असतात. कचरा पुढच्या कप्प्यात जातो आणि संध्याकाळी तोच तुमच्यापुढे ओतला जातो. चांगला आवाज आला की तो तिथे खोदतही नाही. पायाने खूण करून पुढे सरकतो आणि जेवायला तुम्ही घरी गेलात की परत येतो. इंग्लंडमध्ये लिओमिन्स्टरजवळ २०१५ साली वायकिंग काळातला साठा सापडला तेव्हा शोधणाऱ्या दोघांनी तो कळवलाच नाही. एकाच्या फोनमधून पुसलेले फोटो तज्ज्ञांनी परत मिळवले. त्यांवरून सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज निघाला, हाती आली तीसेकच. २०१९ साली दोघांना तुरुंगवास झाला, पण बाकीची नाणी गेली ती गेलीच.

यावर एकच उपाय चालतो आणि प्रामाणिक शोधक त्याला कधी हरकत घेत नाही. हेडफोन नाही, आवाज स्पीकरवर. प्रत्येक खड्ड्याला नंबराची झेंडी. खिळा निघो की नाणं, वस्तू त्या नंबराच्या पारदर्शक पिशवीत, फोटो खड्ड्यात असतानाच शेजारी पट्टी ठेवून. दिवस संपला की झेंड्या आणि पिशव्या मोजायच्या. हिरवळ असेल तर तीन बाजू कापून चौथी बिजागरीसारखी ठेवायची आणि माती कापडावर काढायची. जो माणूस खड्डे तसेच उघडे टाकून जातो, तो हिशेबही तसाच ठेवतो.

आधी कागद करा. त्यात जागेच्या हद्दी, तारखा, सूर्यास्तानंतर काम नाही, मशीनचा नंबर, वाटणी, आणि एकाच ठिकाणी दोनहून जास्त जुनी नाणी लागली तर हात थांबवायचा, हे असलं पाहिजे. सही जमिनीच्या खऱ्या मालकाचीच हवी, भाडेकरूने दिलेली तोंडी परवानगी चालत नाही. शोधकसुद्धा इथेच नाडले जातात: कुणीतरी मालक म्हणून पैसे घेतो, आणि खरा मालक पोलिसांसकट येतो.

'सरकारला कळलं तर सगळं जाईल' ही भीती घातली जाते ती तुमचं तोंड बंद ठेवण्यासाठी. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. नाही कळवलं तर त्याचा हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लपवायला साथ देणारा जागामालकही सुटत नाही. आधीचा जुना मालक कुणी पुढे आला नाही आणि आपसांत करार नसला, तर याच कायद्यात तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि उरलेलं जागामालकाला अशी वाटणी लिहिलेली आहे. म्हणजे कागद न करता मशीनवाल्याला आत घेणं हाच मालकाचा पहिला तोटा. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा: ३०० वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली की १४ दिवसांत कॉरोनरला (तिथल्या चौकशी अधिकाऱ्याला) कळवायचं. चोरून विकायला लावणारा माणूस तुम्हाला कायद्यापासून वाचवत नसतो. तक्रार करायचा तुमचा रस्ता तो बंद करत असतो, कारण मग तुम्हीही गुन्ह्यात भागीदार होता.

पैसे देऊन बसला असाल तर खड्डा बुजवू नका. वर ताडपत्री टाका, उभ्या भिंतीचे फोटो पट्टी धरून चारही बाजूंनी काढा, आणि त्याने दिलेली नाणी न धुता, न घासता, वेगवेगळ्या कागदी पाकिटांत ठेवा. प्रत्येक पाकिटावर तारीख आणि त्या वेळी कोण कोण हजर होतं ते लिहा. 'शेवटचा हप्ता द्या, परवा हंडा निघतो' असा फोन हमखास येतो. तो उचला, रेकॉर्ड करा, आणि पोलिसांत जाताना फोन, पाकिटं आणि फोटो एकत्र घेऊन जा.