गम की प्लॅटिनम?

हाताने छायाचित्रं छापायच्या या दोन्ही जुन्या प्रक्रियांना छापाएवढीच मोठी निगेटिव्ह लागते, तेव्हा तो खटाटोप दोन्हीकडे सारखाच.

मी आधी गम बायक्रोमेटकडे वळलो, तो रोबेर दमाशी या फ्रेंच छायाचित्रकाराचे छाप पाहून. डिंक, जलरंग आणि डायक्रोमेट या प्रकाशसंवेदी रसायनाचा लेप. उजेड लागेल तिथे डिंक घट्ट होतो, बाकीचा साध्या पाण्यात सुटतो. ओल्या छापावर ब्रश फिरवून नको तेवढा रंग काढता येतो. दमाशीने हे मनसोक्त केलं. रंगही आपल्या पसंतीचा आणि साहित्य स्वस्त. डायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे मात्र विसरू नका.

माझं घोडं अडलं ते कागदापाशी. गमच्या एका थरात सावल्यांना खोली येत नाही, म्हणून दोन-तीन थर द्यावे लागतात आणि दर थराला कागद भिजतो, वाळतो, आकसतो. मी तो आधीच गरम पाण्यात आकसवून घेतला, साइझिंग केलं (म्हणजे रंग कागदात मुरू नये म्हणून लेप दिला), कोपऱ्यांत टाचणीच्या खुणा केल्या. तरी तिसऱ्या थराला निगेटिव्ह केसभर सरकायचीच. झाडाझुडपांत ते खपतं. चेहऱ्यात बुबुळाला दुहेरी कड येते, आणि मला चेहरेच छापायचे होते. एकाच चेहऱ्याचे सहा छाप केले. सहाही बाजूला ठेवावे लागले.

प्लॅटिनमला एकच लेप पुरतो. विल्यम विलिसने १८७३ मध्ये पेटंट घेतलेल्या या पद्धतीत धातू कागदाच्या तंतूंतच बसतो, वर जिलेटिनचा थर नसतो. फ्रेडरिक इव्हान्सचं १९०३ मधलं इंग्लंडमधल्या वेल्स कॅथीड्रलच्या पायऱ्यांचं छायाचित्र पाहा: करड्या रंगाच्या किती छटा! निगेटिव्हवर हात फिरवणं इव्हान्सला मान्यच नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनम कागद महाग आणि दुर्मीळ झाला, तो धातू आजही महागच. मी पॅलॅडियम हा त्याच कुळातला धातू मिसळून भागवतो. कागद खडखडीत कोरडा असला तर छाप दाणेदार येतो, पण थोडी दमट हवा दिली की माझ्या अनुभवात ते सावरतं.

तुम्हाला निसर्गचित्रं आणि ब्रशचं काम आवडत असेल, तर गम कदाचित अधिक जवळचा वाटेल. चेहरे छापणार असाल तर मी प्लॅटिनमच सुचवेन. आणि रंगाचा मोह सुटतच नसेल, तर एडवर्ड स्टायकनने न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इमारतीच्या छायाचित्रासाठी केलं तसं प्लॅटिनमवर गम चढवा. खोली आधीच आलेली असते, त्यामुळे गमचा एखादा पातळ थर पुरतो, आणि तो केसभर सरकला तरी डोळ्यांत भरत नाही.