त्वचामापक शोषणयंत्र: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः चिकट कड्यांविषयी

हे यंत्र त्वचेचा छोटा भाग हवेच्या ओढीने छिद्रात खेचते आणि ती किती मऊ वा ताठ आहे ते मोजते. गेल्या आठवड्यात त्याने ओढ घेणेच बंद केले. सेवा केंद्राने यंत्र उघडूनही न पाहता पंप बदलण्याचे दरपत्रक पाठवले. आमच्या प्रयोगशाळेतील मामांनी मात्र नळी सोडवून गाळणी काढली, तर तिच्यावर गालांवरच्या पावडरीचा थर बसलेला. गाळणी बदलताच 450 मिलिबारची ओढ पूर्ववत झाली.

तरीही माझी खरी तक्रार चिकट कड्यांची आहे. कडी न लावता मोजले तर आजूबाजूची कातडी घसरत छिद्रात येते आणि गाल आहे त्याहून मऊ भासतो. म्हणून प्रत्येक जागेला नवी कडी, म्हणजे एका चेहऱ्याला बारा, आणि त्या परदेशातूनच मागवाव्या लागतात. काटकसर म्हणून दुकानातील दुहेरी चिकटपट्टी पंचने कापून लावली, पण तिची जाडी वेगळी असल्याने तो आठवडाभराचा सगळा खटाटोप वाया गेला.

चौथ्या महिन्यापर्यंत मी यंत्रालाच बेभरवशाचे ठरवले होते, कारण एकाच जागेवर सलग पाचदा मोजले की पहिला आकडा उरलेल्या चारांशी जुळत नसे. हे मत मी मागे घेतो. जिवंत ऊती पहिल्या ओढीला वेगळी वागते आणि दोन-तीन ओढींनंतर स्थिरावते. शिवाय माणसाने नकळत दात आवळले की गालाखालचा चर्वणस्नायू ताठ होतो आणि मोठ्या छिद्राचे मापन बिघडते. आता मी आधी जबडा सैल सोडायला सांगतो.

2 मिलिमीटरच्या छिद्राचा मोह मात्र टाळावा. त्याच्या आलेखावर मी फेबायो या, ऊतींच्या ताण-दाबाचे गणित करणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत गालाचे प्रतिमान जुळवले. त्यात त्वचा, मेद आणि 1976 साली मित्झ व पेरोनी यांनी वर्णन केलेला एसएमएएस हा तंतुमय थर असे तिन्ही स्तर होते. पण मेदाचा ताठरपणा दुप्पट केला तरी वक्र जेमतेम हलला. 8 मिलिमीटरच्या छिद्राने खालचे थर बोलू लागले. गोल छिद्र सर्व दिशांनी सारखेच ओढते, त्यामुळे लांगर यांनी 1861 साली मांडलेल्या ताणरेषा, म्हणजे त्वचा ज्या दिशांनी अधिक ताणलेली असते त्या रेषा, त्यात उमटत नाहीत. चेहऱ्याची त्वचा विश्रांतीतही ताणलेली असते. तो पूर्वताण न घातल्याने माझ्या प्रतिमानातील गालावर दिलेला काप उघडलाच नाही, नुसती रेघ राहिली.

मोठ्या छिद्राच्या एकवीस कड्या शिल्लक आहेत. पुढील मागणी मंजूर होईपर्यंत कपाळ मोजायचे नाही, फक्त गाल, असे ठरवले आहे.